कोडिंग येतं, पण सरकारला सल्ला द्यायचाय

प्रश्न: ताई, मी सोलापूरचा, कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला सरकारला टेक्नॉलॉजीच्या धोरणांवर सल्ला देणारं काम करायचंय, पण घरचे म्हणतात पुण्यात कंपनी बघ. यात करिअर होतं का?

उत्तर: होतं रे, नक्की होतं, फक्त यूपीएससीसारखी एकच ठरलेली परीक्षा नाही म्हणून घरच्यांना धाकधूक वाटते, ते साहजिकच आहे. आधी काम काय असतं ते बघ. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा वापरायचा तर आईवडलांची पडताळता येईल अशी संमती लागते, आता आपल्याकडं बिड्या वळणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरी फोन एकच आणि तो पोरगीच चालवते, मग त्या आईची संमती खरी कशी मानायची? हा प्रश्न मंत्रालयातल्या टेबलावर नीट मांडायचा आणि जमेल असा उपायही लिहून द्यायचा, हेच ते काम, आणि मला विचारशील तर तिथं सोलापूरची पोरं हवीतच.

सुरुवातीला खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप बघ, कुठलीही पदवी चालते पण वयाची अट कडक आहे, उशीर करू नको. राज्य सरकारसोबत काम करायच्या मुख्यमंत्री फेलोशिपला मराठी यावंच लागतं, अनुभवही मागतात, म्हणून एक वर्ष कंपनीत काढलंस तरी वाया जात नाही, घरच्यांना हे सांग. आणि सरकार नियमांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी ठेवतं, ते वाचून दोन पानी सूचना आत्तापासूनच पाठवायला लाग.