संरूपण, विन्यास की सरळ मांडणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठवीत, मराठी माध्यम. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात सोडियमचं 'इलेक्ट्रॉन संरूपण' २, ८, १ असं दिलंय, म्हणजे अणूत आतून बाहेर एकेका कवचात (थरात) किती इलेक्ट्रॉन आहेत ते. इंदूरहून सुट्टीला आलेला मावसभाऊ हिंदी माध्यमाचा, तो म्हणाला हे 'इलेक्ट्रॉनिक विन्यास' आहे, आणि संरूपण म्हणजे वेगळंच काहीतरी असतं. आजोबा मधे पडले की एवढं जड संस्कृत हवंय कशाला, आपली 'मांडणी' काय वाईट आहे? तर यातलं बरोबर कुठलं आणि मुळात संरूपण म्हणजे काय, असं ताईंनी विचारलंय.

आधी त्या इंदूरच्या पोराची बाजू घेतो, कारण तो खरंच चुकलेला नाही. हिंदी पुस्तकांत इलेक्ट्रॉनांसाठी विन्यासच असतो, आणि 'संरूपण' हा शब्द तिकडे सेंद्रिय रसायनात वापरून झालाय. इथेनच्या रेणूत दोन कार्बन एका बंधाने जोडलेले असतात, तो बंध अक्षासारखा धरून एक बाजू फिरवली की हायड्रोजन कधी एकमेकांच्या पुढेमागे येतात, कधी अधल्यामधल्या जागी जातात. त्या निरनिराळ्या आकारांना हिंदीत इथेनची संरूपणं म्हणतात, म्हणजे इंग्रजीत ज्याला कॉन्फर्मेशन म्हणतात ते. म्हणजे सातपुड्याच्या अलीकडे एक अर्थ आणि पलीकडे दुसरा. असं आपल्यात आणि हिंदीत बऱ्याच शब्दांचं झालंय, आपण मूलद्रव्य म्हणतो ते हिंदीवाल्यांचं तत्त्व, आणि मराठी माणसाला तत्त्व म्हटलं की टिळक-आगरकरांचा वाद आठवतो, सोडियम नाही.

आता शब्द जरा सोलून बघू. संरूपण ज्याचं भाषांतर आहे त्या इंग्रजी कॉन्फिगरेशनचे लॅटिन तुकडे पाडले तर 'कॉन' म्हणजे सह, एकत्र आणि 'फिगुरा' म्हणजे आकृती, रूप. संरूपणात सम् आणि रूप. म्हणजे शब्द करणाऱ्याने इंग्रजी शब्दाचा तुकड्याला तुकडा लावलाय, आणि माझ्या मते बरा लावलाय. कानाला परका वाटतो हे खरं, पण त्याचा सख्खा भाऊ निरूपण आपल्या ओळखीचा आहे, कीर्तनाला बसलेल्या कुठल्याही आजीला निरूपण कळतं. विन्यासाची गंमत वेगळी आहे. त्यात वि आणि न्यास, आणि न्यास म्हणजे ठेवणं. पूजेत अंगन्यास-करन्यास करतात तो हाच, मंत्र म्हणत एकेका अवयवावर 'ठेवायचा'. विश्वस्तांकडे ठेवलेलं धन तोही न्यास, म्हणून देवस्थानांच्या पाट्यांवर दिसतो. म्हणजे विन्यास म्हटलं की कोणीतरी नीट जागेवर ठेवतंय असं चित्र आलंच, केशविन्यासात असतं तसं.

आणि मांडणीत तर ते आणखीनच येतं. मांडणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर विज्ञान येतच नाही, आजोळच्या स्वयंपाकघरातली भिंतीवरची मांडणी येते. सगळ्यात वरच्या फळीवर सणावारालाच निघणारी पातेली, मधे ताटं खाचांत उभी, खाली आकड्यांना कप आणि पळ्या लटकवलेल्या, आणि वाटीच्या जागी पेला ठेवला की आजी न बघता ओळखायची. आजोबांची सूचना म्हणून मला मनापासून आवडली, आठवीपुरतं ती मांडणी पोरांना दाखवून शिकवावं इतकी चांगली आहे. फक्त अणूत फळ्या (म्हणजे कवचं) उलट्या, सगळ्यात आतली छोटी, तिच्यावर दोनच इलेक्ट्रॉन मावतात, पुढची आठवाली, मग अठरा, मग बत्तीस. सूत्र सोपंय, फळीचा नंबर घ्या, त्याचा वर्ग करा, दुप्पट करा. सोडियमचा अणुअंक ११, म्हणजे एकूण इलेक्ट्रॉन अकरा, पहिल्या फळीवर दोन, दुसरीवर आठ, उरला एक तो तिसरीवर. इथपर्यंत आजोबा जिंकले.

गडबड पोटॅशियमपाशी होते, आणि ही गडबड मी घरात प्रत्यक्ष पाहिली आहे. माझ्या पुतणीने पोटॅशियमचं संरूपण २, ८, ९ लिहिलं. अणुअंक १९, बेरीज बरोबर, तिसऱ्या फळीवर अठरा मावतात हे तिला सूत्राने माहीत, मग नऊ ठेवले तर बिघडलं काय? पेपरात लाल काट आली आणि खाली २, ८, ८, १. का ते कोणी सांगितलं नाही, 'तसंच असतं' एवढंच सांगितलं. आता तुम्हीच सांगा, मांडणीत तिसऱ्या फळीवर निम्म्याहून जास्त जागा रिकामी असताना चौथ्या फळीवर भांडं कोण ठेवेल? आजी तर नक्कीच ठेवणार नाही.

कारण असं की फळ्या सरसकट एकसंध नाहीत, त्यांना आत कप्पे आहेत. तिसऱ्या फळीवर तीन कप्पे, एस मधे दोन मावतात, पी मधे सहा, डी मधे दहा. दोन आणि सहा मिळून आठ झाले की पुढचा इलेक्ट्रॉन डी कप्प्यात जायला हवा, पण पोटॅशियममधे तिसऱ्याच्या डीपेक्षा चौथ्याचा एस कमी ऊर्जेचा पडतो, म्हणून एकोणिसावा तिकडे जातो. कॅल्शियमचा विसावाही तिकडेच, २, ८, ८, २. आणि मग एकविसावं स्कँडियम आलं की इलेक्ट्रॉन परत मागे येऊन तिसऱ्यात बसतो, २, ८, ९, २. पुतणीचे नऊ चुकले नव्हते, दोन घरं आधी आले होते.

बरं, इथेही कोणी म्हणेल की ठीक आहे, मांडायचा क्रम जरा विचित्र आहे पण शेवटी मांडणीच ना. तर लोखंड घ्या. अणुअंक २६, संरूपण २, ८, १४, २. वरच्या क्रमाने चौथ्या फळीवरचे दोन आधी बसले आणि तिसरीच्या डी कप्प्यातले सहा नंतर. मग इलेक्ट्रॉन काढायची वेळ आली तर शेवटी ठेवलेला आधी निघावा, भांड्यांच्या थप्पीत असंच होतं. पण हिराकसमधलं (फेरस सल्फेटमधलं) लोह बघा, दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं, त्याचं संरूपण २, ८, १४ आहे. शेवटी आलेले गेले नाहीत, चौथ्या फळीवरचे आधी आलेलेच आधी गेले. कारण इलेक्ट्रॉन कोणी एकामागून एक ठेवलेलेच नव्हते, 'भरतात' 'बसतात' हे सगळं आपण कागदावर मोजताना म्हणतो. केंद्रक आणि सगळे इलेक्ट्रॉन मिळून जो कमीत कमी ऊर्जेचा आकार होतो तो होतो, आणि दोन इलेक्ट्रॉन कमी झाले की सगळं गणितच नव्याने होतं, डीची पातळी एसच्या चांगली खाली जाते. क्रोमियम आणि तांब्याला पुस्तकं अपवाद म्हणतात, क्रोमियम २, ८, १३, १ आणि तांबं २, ८, १८, १, तेसुद्धा आपल्या मोजायच्या क्रमाला अपवाद आहेत, अणूला त्या क्रमाचा पत्ताही नाही.

म्हणून माझा कौल संरूपणाला, आणि तो संस्कृत आहे म्हणून नाही. मांडणीत मांडणारा येतो, विन्यासात ठेवणारा येतो, संरूपणात कोणी येत नाही, सगळ्यांचं मिळून जे रूप झालं तेवढंच राहतं. शब्द करणाऱ्याच्या डोक्यात एवढं होतं का कोण जाणे, बहुधा त्याने नुसते लॅटिन तुकडेच लावले असतील. पण साधलंय. बोलताना 'सोडियमची इलेक्ट्रॉनांची मांडणी सांग' म्हटलं तर आभाळ कोसळत नाही, मीही म्हणतो.

खरं तर तक्रार करायचीच असेल तर मी संरूपणाची नाही, 'कक्षा' या शब्दाची करीन. कक्षा म्हटलं की पोराच्या डोक्यात सूर्याभोवती फिरणारे ग्रह घट्ट बसतात, नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या १९१३ च्या चित्रासारखे, आणि ते निघता निघत नाहीत. इंग्रजीवाल्यांनी यातून वाट काढली, १९३२ मधे मलिकन या अमेरिकन शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सापडायची शक्यता जास्त असलेल्या जागेसाठी ऑर्बिटल हा शब्द आणला, म्हणजे ऑर्बिट नव्हे, ऑर्बिटसारखं काहीतरी. हिंदीत त्याला कक्षक आहे. आपल्याकडे अकरावीपासून बहुतेक पोरं इंग्रजीतच सायन्स करतात, त्यामुळे ऑर्बिटल हाच मराठी शब्द झालाय आणि आता तो बदलायला जाऊ नये.

त्यामानाने शेलला 'कवच' हे छान झालंय. आणि सोडियमच्या बाबतीत तर मला दर वेळी कर्ण आठवतो. सोडियमच्या तिसऱ्या कवचात एकुलता एक इलेक्ट्रॉन, क्लोरीन दारात आला की तो देऊन टाकायचा, आणि तो दिला की तिसरं कवच संपलंच, २, ८ उरले. कवच उतरवून दिलं. फरक एवढाच की कर्ण त्याने उघडा पडला आणि सोडियम त्याने शांत झाला, २, ८ हे निऑनचं संरूपण आणि निऑन राजवायू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. (राजवायूही चांगला शब्द आहे. आधी निष्क्रिय वायू जास्त चालायचं, पण १९६२ मधे नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाने झेनॉन या अशाच वायूचं संयुग करून दाखवल्यावर निष्क्रिय म्हणणं अवघड झालं, राजाचं तसं नाही, तो कधीमधी कोणात मिसळला तरी राजाच.)

प्रश्नात नव्हतं पण पुढचा प्रश्न हाच येणार म्हणून सांगतो, कवचांना के, एल, एम, एन का, ए, बी, सी का नाही? तर बार्कला म्हणून ब्रिटिश शास्त्रज्ञ होते, क्ष-किरणांवरच्या कामासाठी त्यांना १९१७ चं नोबेल आहे. मूलद्रव्यांतून येणाऱ्या क्ष-किरणांत त्यांना दोन जाती दिसल्या, पहिल्यांदा नावं ए आणि बीच दिली होती. मग वाटलं, याच्या आधीच्या अजून जाती निघाल्या तर अक्षरं कुठून आणायची? म्हणून १९११ च्या सुमारास त्यांना के आणि एल केलं, पुढेमागे जागा सोडून. आधीच्या काही निघाल्याच नाहीत. जागा मात्र अजून रिकामी आहे, पंगतीत पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या आणि पाहुणे न आलेल्या पाटांसारखी.

आणि एस, पी, डी, एफ हे तर त्याहून जुनं प्रकरण. शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज, ही वर्णपटातल्या रेषांच्या मालिकांची नावं, काही रेषा रेखीव, काही ठळक मुख्य, काही पसरट, म्हणून ती पडली, आणि ती पडली तेव्हा इलेक्ट्रॉन सापडलाच नव्हता (तो सापडला १८९७ मधे). फंडामेंटलचा एफ जरा मागून आला. यातला पी मुलीला घरीच दाखवता येईल. मीठ घातलेलं वरण उतू जाऊन गॅसवर आलं की निळी ज्योत भपकन पिवळी होते ना, ते पिवळं मिठातलं सोडियम. त्याचा तो तिसऱ्या कवचातला एकटा इलेक्ट्रॉन उष्णतेने एसमधून पी कप्प्यात चढतो आणि परत एसमधे पडतो, पडताना तो पिवळा उजेड टाकतो. रस्त्यावर पूर्वी जे पिवळे दिवे असायचे त्यांच्यातही हेच चालायचं. ती रेषा प्रिन्सिपल मालिकेतली पहिली, आणि इलेक्ट्रॉन जिथून खाली पडतो त्या कप्प्याला म्हणून पी.

आता किरकोळ राहिलेलं. लिंगाचं विचारलं नाहीत पण चुका तिथेच जास्त दिसतात, तो विन्यास, ती मांडणी, ते संरूपण, तिन्ही तीन लिंगांची, त्यामुळे 'सोडियमची संरूपण' असं लिहू नका. जोडून लिहावं की तोडून, तर पुस्तकात तोडून आहे तेच ठेवा, आणि 'इलेक्ट्रॉनिक संरूपण' मात्र टाळा कारण मराठीत इलेक्ट्रॉनिक म्हटलं की टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान समोर येतं. अजून एक म्हणजे वाचायचं कसं. पुढच्या वर्गांत सोडियमचं लांब संरूपण येईल, त्यात एस आणि पीच्या डोक्यावर छोटे आकडे असतात. ते वर्ग, घन असं वाचायचं नाही, माझ्या ओळखीच्या एका मुलाने सगळ्या वर्गासमोर 'वन एस स्क्वेअर' वाचलं आणि वर्षभर त्याचं नाव स्क्वेअर पडलं होतं. वन एस टू, टू एस टू, टू पी सिक्स, थ्री एस वन, असं सरळ वाचायचं, डोक्यावरचा आकडा म्हणजे त्या कप्प्यातले इलेक्ट्रॉन किती, बस. आणि आठवीत असेपर्यंत तेही नको, दोन, आठ, एक म्हणायचं.