शाळेचा निधी आणि मुलांचे आरोग्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. शाळेत पूर्णवेळ परिचारिका आणि समुपदेशक नेमावेत, असा प्रस्ताव आमच्यापुढे आहे. काही सदस्यांचे म्हणणे असे, की शाळेचे काम शिकवण्याचे आहे. आरोग्य आणि समाजकल्याण यांसाठी वेगळी खाती असताना त्यांचा भार शिक्षकांच्या आणि ग्रंथालयाच्या पैशावर का टाकायचा? मला दोन्ही बाजू पटतात. आपले मत काय?
– एक समिती सदस्य

उत्तर : ही सेवा शाळेत मिळावी का, हा एक प्रश्न आणि तिचा खर्च कोणत्या खात्यावर पडावा, हा दुसरा. बैठकांमध्ये हे दोन्ही एकाच दमात विचारले जातात आणि दुसऱ्याचे उत्तर सापडले नाही, की पहिलाही निकालात निघतो. म्हणून आधी पहिला घेऊ.

न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळांत डॉक्टरांकडून तपासणी होत असे. खुपऱ्या, खरूज, नायटा किंवा उवा आढळल्या, की मुलाला घरी पाठवले जाई. उपचाराची सोय मात्र कुणी करत नसे. परिणामी आजार तसाच राही आणि मूल आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर राही. १९०२ मध्ये लिलियन वॉल्ड यांनी आपल्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेतील लीना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोग म्हणून चार शाळांमध्ये पाठवले. किरकोळ दुखण्यांवर त्या शाळेतच औषधपाणी करत आणि मग मुलांच्या घरी जाऊन तेच औषध कसे व किती वेळा लावायचे, हे आईला करून दाखवत. प्रयोग सुरू होण्याआधीच्या सप्टेंबर महिन्यात दहा हजारांहून अधिक मुलांना वर्गाबाहेर काढावे लागले होते. काम शहरभर वाढवल्यावर पुढच्या सप्टेंबरमध्ये ती संख्या अकराशेच्या आसपास आली. आजार तेच होते, डॉक्टरही होते. भर पडली ती शाळेत थांबणाऱ्या आणि घरापर्यंत जाणाऱ्या एका प्रशिक्षित व्यक्तीची. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर त्यामुळे नि:संदिग्ध ‘होय’ असे आहे.

आता पैशाचे. त्याच उदाहरणातली एक बाब आपल्या समितीने अवश्य ध्यानात घ्यावी : प्रयोग यशस्वी ठरल्यावर त्या परिचारिकांचा खर्च शहराच्या आरोग्य विभागाने उचलला, शिक्षण विभागाने नव्हे. म्हणजे काम शाळेत चालले आणि पैसा दुसऱ्या खात्यातून आला. या दोहोंत विसंगती काहीच नाही.

तरीही ‘आरोग्याचे सारे आरोग्य खात्याने पाहावे’ एवढे म्हणून शाळेला हात झटकता येणार नाहीत. शाळेच्या वाट्याचा खर्च कोणता, हे ठरवण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारी कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या एका निकालात सापडते. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे एका लहान मुलीला दर तीन-चार तासांनी नळीच्या साहाय्याने लघवी करवावी लागे. हे काम काही मिनिटांचे आणि तासाभरापेक्षा कमी प्रशिक्षणात शिकता येण्याजोगे होते. पण ते करणारे कुणी नसेल, तर तिला दिवसभर शाळेत बसताच येत नव्हते. न्यायालयाने ते काम शाळेच्या जबाबदारीत धरले. डॉक्टरनेच द्यायचा उपचार मात्र, निदान आणि मूल्यमापन वगळता, शाळेच्या जबाबदारीबाहेर ठेवला. सतत श्वसनयंत्रावर असलेल्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत १९९९ मध्ये हीच रेषा पुन्हा पाळली गेली, आणि तेव्हा खर्च मोठा असल्याचा युक्तिवाद मान्य झाला नाही. हे निकाल अपंग मुलांसंबंधीच्या कायद्यापुरते आहेत, हे खरे. पण कसोटी मला सर्वत्र लावण्याजोगी वाटते. ज्या सेवेवाचून मूल शाळेच्या वेळेत शाळेत बसून शिकू शकत नाही, ती शाळेच्या खर्चाचा भाग आहे. फळा आणि बाक आपण ज्या कारणासाठी विकत घेतो, त्याच कारणासाठी.

ही कसोटी लावली, तर दम्याच्या मुलाचा पंप हाताशी ठेवणे, मधुमेही मुलाला वेळेवर इन्सुलिन देणे, फिट आल्यावर काय करायचे हे जाणणारी व्यक्ती इमारतीत असणे आणि धास्तावलेल्या मुलाशी त्याच दिवशी बोलणारे कुणी असणे, हे शाळेच्या अंदाजपत्रकात यायला हवे. शस्त्रक्रिया, दीर्घ मुदतीचे मानसोपचार, कुटुंबाला घर किंवा आर्थिक साहाय्य मिळवून देणे यांचा खर्च इतर खात्यांचाच आहे. मधली जागा मात्र बहुतेक ठिकाणी रिकामी राहते आणि माझ्या मते सगळे तिथेच अडते. मुलाला कमी ऐकू येते असे तपासणीत आढळले, संदर्भ चिठ्ठी दिली गेली. पुढे ते मूल रुग्णालयात पोहोचले का, श्रवणयंत्र मिळाले का, मिळाल्यावर ते वर्गात वापरते का, हे विचारण्याचे काम कुणाचेच नसते. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सक्तीची केली, पण उपचार ऐच्छिक ठेवले. त्यामुळे वर्षानुवर्षे दोषांच्या नोंदी साचत गेल्या आणि उपचारांची जबाबदारी बंधनकारक व्हायला १९१८ साल उजाडले. पाठपुरावा करणाऱ्या व्यक्तीचे वेतन शाळेनेच द्यावे, असा माझा आग्रह आहे. कारण पैसा बाहेरून येतो तेव्हा काटकसरीच्या वर्षी हेच पद सर्वांत आधी रद्द होते.

तेव्हा प्रस्तावाला विरोध न करता तो दुरुस्त करून मंजूर करावा, असे मी सुचवीन. परिचारिका आणि समुपदेशक यांच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मागावे, जेणेकरून ग्रंथालयाशी त्यांची ओढाताण होणार नाही. आणि उपचारांसाठी आरोग्य खात्याशी लेखी करार करावा. फिनलंडमध्ये शालेय मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते यांची जबाबदारी २०२३ पासून नगरपालिकांकडून नव्या प्रादेशिक आरोग्य-कल्याण यंत्रणांकडे गेली, तरी त्यांनी शाळेत सहज भेटावे हे तत्त्व कायम आहे.

सदस्यांपैकी कुणी ‘याने गुण वाढतील का?’ असे विचारील. त्यांना भलते आश्वासन देऊ नये. केनियात शाळांमधून जंतनाशक गोळ्या देण्याचा मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांचा जो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटलेली आढळली, पण परीक्षेच्या गुणांत वाढ दिसली नाही. त्या निष्कर्षांवर पुढे बराच वादही झाला. मूल बरे असावे, यासाठी गुणांचा दाखला मागण्याची गरज मला वाटत नाही. हजेरीचा हिशेब मात्र समितीने जरूर ठेवावा.

प्रश्न : शाळाच जेवण, औषध आणि समुपदेशन देऊ लागली, तर पालक आपले कर्तव्य विसरणार नाहीत का? शिवाय घरातल्या गोष्टी शाळेच्या दप्तरी जाण्याची मला भीती वाटते.
– एक पालक

उत्तर : आपली पहिली शंका शंभर वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला, तेव्हाही हाच आक्षेप जोरात होता. त्या काळी गरिबांसाठीची सरकारी मदत घेणाऱ्याचा मताधिकार जात असे. या कायद्यात मात्र, जेवणाचे पैसे भरू न शकलेल्या पालकाचा कोणताही हक्क त्यामुळे हिरावला जाणार नाही, असे स्पष्ट कलम घातले गेले. मदत घेणाऱ्याला शिक्षा करून कर्तव्यबुद्धी वाढत नाही, हे तेव्हाच्या विधिमंडळाला कळले होते. फिनलंडने १९४३ च्या कायद्याने जेवण सर्वच मुलांसाठी मोफत ठरवले आणि १९४८ पासून ते प्रत्यक्षात आले. सर्वांना एकाच ताटातले मिळत असल्याने कोण गरीब, हे रांगेवरून कळत नाही. कर्तव्य विसरणारे पालक मी पाहिलेले नाहीत असे नव्हे. पण त्यांच्या मुलांना उपाशी ठेवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

आपली दुसरी भीती मला अधिक गंभीर वाटते आणि ती रास्त आहे. समुपदेशकाच्या नोंदी प्रगतिपुस्तकापासून आणि शाळेच्या सर्वसाधारण दप्तरापासून वेगळ्या, कुलपात असाव्यात. वर्गशिक्षकाला त्यातले आवश्यक तेवढेच सांगितले जावे. तातडीचा प्रसंग किंवा मुलाच्या जिवाला धोका सोडल्यास पालकांची लेखी संमती घेतलीच पाहिजे. सेवा सुरू होण्याआधी हे नियम आपण शाळेकडे लेखी मागा. ते मिळेपर्यंत संमतीपत्रावर सही न करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : आमच्याकडे समुपदेशक नेमण्याऐवजी दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन ते काम शिक्षकांवरच सोपवले आहे. हे योग्य आहे का?
– एक शिक्षिका

उत्तर : नाही. शिक्षकाने ओळखावे आणि योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवावे, एवढेच त्याच्याकडून मागता येईल. फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करणारी, वही उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत पाहणारी मुलगी तुम्हालाच आधी दिसते आणि तिची नजर तपासून घ्या, असे तुम्हीच सर्वांत आधी सांगू शकता. चीनमधील गान्सू प्रांतात नजर कमकुवत असलेल्या शाळकरी मुलांना मोफत चष्मे देऊ केले गेले, तेव्हा जवळपास एक तृतीयांश मुलांनी ते घेतलेच नाहीत. ज्यांनी घेतले त्यांचे गुण मात्र सुधारलेले आढळले. अशा वेळी पालकांचे मन वळवण्यात शिक्षकाच्या शब्दाला वजन असते आणि ते तुम्ही जरूर वापरावे. परंतु घरी मारहाण होत असलेल्या किंवा जीव देण्याची भाषा करणाऱ्या मुलाची जबाबदारी दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर घेऊ नका. असे मूल समोर आल्यास त्याला एकटे सोडू नका, मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच स्वतःजवळ ठेवा. समुपदेशकाच्या पदाची मागणी करताना अशा पत्रांची संख्या, मुलांची नावे न देता, व्यवस्थापनापुढे मांडता येते.