अर्धी सोडलेली बाटली

प्रश्न : ताई, मी लातूरचा, वय २४. नोकरी मुंबईत परळला, ग्रुप वांद्रे-जुहूचा. दर शनिवारी कॅफे, ४०० रुपयांची कॉफी, आधी फोटो मग घोट. परवा टेबलावर पाण्याच्या पाच बाटल्या अर्ध्या सोडून सगळे उठले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तेव्हा आई घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी असायची. मला ही माणसं पोकळ वाटतात. गप्प बसतो, मनात टोमणे मारतो. संबंध तोडू का?

उत्तर : अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. चीड खरी आहे, ती सोडू नकोस. पण आईची ती रांग त्यांना कधी सांगितलीस? पत्रात तरी दिसत नाही. ज्यांनी घागर उचललीच नाही, त्यांना तिचं वजन कसं कळणार?

मी उस्मानाबादहून पुण्याला शिकायला आले, तेव्हा खोलीतल्या मुलीला ‘बंगल्यातली’ म्हणून दोन वर्षं लांब ठेवलं. मला टायफॉईड झाला, तर रोज मऊ खिचडीचा डबा तिनेच आणला. ती दोन वर्षं वाया घालवल्याची हळहळ अजून जात नाही.

येत्या शनिवारी सरळ सांग, ‘मला हे परवडत नाही, टपरीवर चहा घेऊ.’ एखादा तरी येईल. आणि उठताना उरलेली बाटली पिशवीत टाक. कुणी विचारलंच, तर रेल्वेपासून सुरुवात कर.