रेसच्या घोड्याचा पाय मोडल्यावर त्याला मारतातच, मग पोस्टमॉर्टेम कशाला करतात?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुमचं म्हणणं असं की पाय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडला, इंजेक्शन देऊन घोड्याला सोडवलं, कारण माहितीच आहे, मग चिरफाड कशासाठी? अहो कारण माहिती नसतं म्हणूनच. पाय कुठे मोडला ते दिसतं, तो कधीपासून मोडत आला होता ते आत बघितल्याशिवाय कळत नाही.

माझे बाबा सईस होते, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल करणारे, बावीस वर्षं एकाच तबेल्यात. कुठल्या शहरात ते लिहीत नाही. त्यांच्या हाताखाली एक तांबूस घोडी होती, चार वर्षांची. खोकला झाला म्हणून दोन महिने ठाणावर उभी होती आणि बरी झाल्याबरोबर सीझन गाठायचा म्हणून तिला जोरात कामाला लावलं. आठ-दहा दिवसांत बाबा म्हणायला लागले, ही पुढचा उजवा पाय चोरतेय, वळताना पाऊल आखूड टाकते. ट्रेनरने हात फिरवून बघितला, खाली कुठे गरम नाही, सूज नाही, गुडघ्याखालचे एक्स-रे काढले तेही क्लीन. अंग आखडलंय, फिरली की मोकळी होईल, म्हणाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी सकाळच्या गॅलपला ती कोसळली. मी चौदा वर्षांचा, बाबांचा डबा घेऊन गेलो होतो. डॉक्टर येईपर्यंत बाबा मातीत बसून तिचं डोकं मांडीवर धरून होते.

दुपारपर्यंत तबेल्यात ठरूनही गेलं की चूक सईसाची, पट्टी घट्ट बांधली म्हणून घोडी अडखळली. आणि हे सगळीकडे सांगत फिरणारे आमचे सख्खे काका, ते पण तिथेच कामाला होते.

घोडीचा इन्शुरन्स होता म्हणून पोस्टमॉर्टेम झालं, नाहीतर कुणी केलं नसतं. डॉक्टर तरुण होते, त्यांनीच बाबांना हाक मारली, मामा, जरा इकडे या. ट्रेमध्ये ह्यूमरस होतं, म्हणजे खांदा आणि कोपर यांच्यामधलं जाड हाड, साफ केलेलं, दोन तुकड्यांत. एका बाजूची कड पांढरी, धारदार, ताजी मोडलेली. दुसऱ्या बाजूला हाडावर खडबडीत गाठ धरलेली, झाडाच्या खोडावर जुन्या घावाजागी धरते तशी. डॉक्टर म्हणाले, ही एका दिवसात येत नाही, आठवडे लागतात, तडा आधीचाच आहे. बाबांनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "दुखत असेल ना तिला?" डॉक्टर हो म्हणाले.

रिपोर्ट ओनरकडे आणि इन्शुरन्सकडे गेला. बाबांना त्याची कॉपी मिळाली नाही. महिनाअखेरीला त्यांना कामावरून काढलं.

आता बाबांचं नशीब बाजूला ठेवा. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या प्रत्येक घोड्याचं पोस्टमॉर्टेम सक्तीचं आहे, ते डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीबरोबर मिळून करतात. तिथे हेच पुन्हा पुन्हा सापडलं, जीवघेणं फ्रॅक्चर बहुतेक वेळा आधीच्या बारीक तड्याच्या जागीच होतं. ह्यूमरसच्या बाबतीत तर लांब विश्रांतीवरून परत कामाला लागलेल्या घोड्यांना धोका जास्त, हेही तिथूनच कळलं. हाड दुरुस्त होताना शरीर आधी खराब हाड काढतं आणि मग नवीन भरतं, त्या मधल्या काळात जोर दिला की संपलं. आमच्या घोडीची हीच गोष्ट. २०१९ ला कॅलिफोर्नियातल्याच सांता अनिता रेसकोर्सवर एकामागून एक घोडे गेले तेव्हा सगळे ट्रॅकला आणि औषधांना शिव्या देत होते, तपासात बहुतेकांच्या मोडलेल्या जागी आधीचीच इजा निघाली. त्याच वर्षी तिथे उभ्या घोड्याच्या पायाचा पेट स्कॅन करायचं मशीन बसवलं, एक्स-रेत न दिसणारी हाडाची इजा त्यात आधी दिसू शकते.

म्हणून माझं स्पष्ट मत, पोस्टमॉर्टेम प्रत्येक घोड्याचं झालं पाहिजे, इन्शुरन्स असो नसो, आणि रिपोर्ट सईसाच्या हातात पडला पाहिजे, त्याला कळेल अशा भाषेत. ओळखीत कुणी घोड्याचे मालक असतील तर त्यांना सांगा, सईस म्हणाला पाय चोरतोय तर एक्स-रे क्लीन आला तरी थांबा, आणि फोटो फक्त गुडघ्याखालचे काढू नका.

हां, पोस्टमॉर्टेमने दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही. मेडिना स्पिरिट हा अमेरिकेतला गाजलेला रेसचा घोडा २०२१ मध्ये सरावानंतर अचानक मेला, एवढ्या तपासण्या करूनही ठाम कारण सांगता आलं नाही. आणि आमच्या ट्रेनरने मुद्दाम काही केलं असंही मी म्हणत नाही, खांद्याजवळचा बारीक तडा एक्स-रेमध्ये सुरुवातीला बऱ्याचदा दिसतच नाही आणि हाड मांसाच्या इतकं आत की हातालाही लागत नाही. पण विचारायला सईस होता ना.

काका अजून लग्नाकार्यात भेटले की म्हणतात, कागद दाखव. कागद नाही माझ्याकडे. पण पट्टी गुडघ्याखाली बांधतात आणि हाड कोपराच्या वर मोडलं होतं, तीस वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं.