पहिल्या आखाजीआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘वडील गेले, आता त्यांच्या जमिनीतला हिस्सा ताईने सोडल्याचं हक्कसोडचं काम अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, आधी उरकून टाकू का?’ तेव्हा मी हो-ना काहीच केलं नाही. रात्री झोप येईना, म्हणून लिहायला बसलो.

कागदांचं आधी सांगतो, त्यात फार काही नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती तू केलीस. आता वारसनोंद. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज दे आणि त्यात आई, ताई आणि तू अशी तिन्ही नावं लाव. भावकीतलं कुणीतरी म्हणेलच, बहिणीचं नाव चढवायचं कशाला, मग कमी करायची कटकट. ऐकू नकोस. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाच्या बरोबरीची हक्कदार झाली. बाप तेव्हा हयात असो वा नसो, तिचा हक्क राहतोच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. सोडायचं असेल तर ती सोडेल, पण तिच्या मनाने आणि सवडीने.

सवडीने का म्हणतो, ते ऐक. माझे वडील, आप्पा, गेले तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि काका कानाशी लागले: बहीण आहे तोवर सही घेऊन टाक, उद्या जावई फिरला तर? चौदाव्या दिवशी तिला एसटीत बसवून अमळनेरला नेलं. कचेरीबाहेरच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन ती दोन तास बसली. आत गेल्यावर ‘कुठे करू?’ एवढंच विचारलं आणि सही केली. परत येताना रसवंतीवर तिला उसाचा रस पाजला. मला वाटलं, झालं, सगळं गोडीगुलाबीने पार पडलं.

घरी येऊन पिशवी भरता भरता ती म्हणाली, “भाऊ, आप्पाना आडकित्ता लई जाऊ का?”

लहानपणी माझ्या ताटातली सांजोरी उचलून पळणारी ही पोर. त्या घरात तिने कधी काही विचारून घेतलं नव्हतं.

अडकित्ता दिला, दुसरं काय करणार? त्या आखाजीला ती आली, पण झोक्याकडे फिरकली नाही. आई उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढत पितरांची एकेक नावं घेत होती. आप्पांचं नाव आलं तेव्हा बहीण मागच्या दारी भांडी घासत होती. दुपारच्या गाडीने गेलीसुद्धा. आणि जमीन होती किती? पावणेदोन एकर, कोरडवाहू. तिने ती कधी मागितलीही नसती.

म्हणून सांगतो, कागद ठेव बाजूला. आखाजीला पितरांच्या नावाने घागर पुजतो, यंदा तुझ्या वडिलांची पहिली घागर आहे. ताईला आणायला मुराळी म्हणून तू स्वतः जा. आजवर ते जायचे. नुसता फोन करून ‘ये’ म्हणू नकोस. दोन दिवस आधीच आण, म्हणजे झोका तिच्या पोरांसाठी का होईना, बांधला जाईल. साहेबाला सुट्टीचं कारण काय द्यायचं ते तुझं तू बघ. पुण्याच्या लोकांना आखाजी म्हणजे सोनं घ्यायचा दिवस, एवढंच ठाऊक.

आईला लगेच पुण्याला न्यायचा हट्ट धरू नकोस. ती आपणहून म्हणेल तेव्हा ने.

आणि वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराला विसरू नकोस. त्याचं साल आखाजीला संपतं. वडिलांनी त्याला काय कबूल केलं होतं, कुणाकडून काय उसनं आणलं होतं, हे कुठल्या वहीत सापडायचं नाही, त्याला विचार. तो सांगेल तो आकडा घासाघीस न करता मान. यंदा तरी.

मी सकाळच्या गाडीने येतो, हिशेबाला तुझ्याजवळ बसेन. घागर आई कुंभाराकडून मागवेल. वर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, मात्र तू ताईला बरोबर घेऊन बाजारातून आण. दाबून बघू नका, देठाशी नाक लावून वास घ्या. तुझे वडील तसंच निवडायचे. ताईला माहीत आहे, लहानपणी तीच त्यांच्याबरोबर बाजाराला जायची.