चाळीस हजारांचा लाइफ कोच घ्यावा का?

प्रश्न : ताई, मी 34 वर्षांची, इंदिरानगरला राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दोन वर्षं झाली, नोकरी सोडून घरून केकचा धंदा करायचाय पण काही केल्या ठरतच नाहीये. गेल्या रविवारी गंगापूर रोडला एका लाइफ कोचचं फ्री सेशन होतं तिथे गेले, खरं सांगते रडले तिथे. शेवटी म्हणाले की तीन महिन्यांचं पॅकेज आज भरलं तर 40 हजार आणि उद्यापासून 75. मी भरले नाहीत. मिस्टर म्हणतात सगळी फसवणूक आहे. खरंच तसं असतं का?

उत्तर : अगं सगळीच फसवणूक नसते, पण ते "आज भरलं तर" आहे ना तो कोचिंगचा भाग नाही, सेलचा आहे, मेन रोडवर साड्यांचा लागतो तसा. आपल्याकडे लाइफ कोच म्हणवून घ्यायला लायसन्स लागत नाही, उद्या मीसुद्धा बोर्ड लावू शकते (मिसळ खाऊन सल्ले तर आत्ताही देतेच). क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं तसं नसतं, त्यांना आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतं. कोचिंगमध्ये आयसीएफ नावाची 1995 पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या सगळ्यात खालच्या एसीसी लेव्हललासुद्धा किमान 60 तास ट्रेनिंग आणि 100 तास प्रत्यक्ष कोचिंग दाखवावं लागतं. पण तीही खासगीच, सरकारी शिक्का नाही तो.

चांगला कोच तुला केक विकायला शिकवत नाही. तो दर आठवड्याला विचारतो, ठरवलेलं केलंस का, आणि तू पैसे मोजलेले असतात म्हणून तू करतेस. एवढंच, पण काहींना त्याचीच गरज असते. तुझं अडलंय ते मात्र मला हिशोबाचं वाटतं, आणि अकाउंट्सवाली तू आहेस! सहा महिने शनिवार-रविवार ऑर्डरी घे, किती सुटतात लिहून ठेव. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी कर, ती फुकट होते.

आणि ते रडणं. एखाद्या दिवसाचं असेल तर सोड, पण झोप उडालीय, कशातच मन लागत नाहीये असं रोजचं असेल तर कोच नको, डॉक्टर नाहीतर सायकॉलॉजिस्ट गाठ, किंवा आधी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर बोल, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

त्या कोचचा फोन येईलच बघ. तेव्हा विचार, ट्रेनिंग कुठे झालं, किती तास, आणि दोन सेशननंतर थांबले तर उरलेले पैसे परत का. आणि हो, 40 ची ऑफर अजून चालू आहे का तेही विचार, असणारच.