कोड चुकला म्हणून माणसाचा पाणउतारा करायचा का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे: तुमच्या मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणीही पाहू व सुधारू शकतो अशा) प्रकल्पातील सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक काम करणाऱ्या सदस्याने एका नवख्या मुलीच्या सी भाषेतील पहिल्याच पॅचवर (सुचवलेल्या कोडबदलावर) 'आधी सी शिकून या, मग आमचा वेळ घ्या' असा शेरा लिहिला. तिने पुल रिक्वेस्ट (तो बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) बंद केली आणि ती परत फिरकली नाही. त्या जुन्या सदस्यांना विचारले तर त्यांचे उत्तर 'पॅच चुकीचाच होता'. आता आचारसंहितेनुसार कारवाई करावी, की काम अडेल म्हणून विषय सोडून द्यावा? मी बारा वर्षे एका मुक्तस्रोत प्रकल्पाचा मेन्टेनर (देखभाल करणारा आणि बदल स्वीकारणारा) आहे, आणि माझे मत असे की विषय सोडू नका, पण थेट बंदीपासून सुरुवातही करू नका.

पॅच चुकीचा होता हे मान्य केले, तरी त्या शेऱ्यात चूक कोणती हे कोठेच सांगितलेले नाही. म्हणजे रिव्ह्यू (कोडची तपासणी) म्हणूनच तो निकामी आहे. तुम्ही पाठवलेल्या तिच्या कोडमध्ये एफओपनने (सीमधील फाइल उघडणाऱ्या फंक्शनने) फाइल उघडली की नाही हे न तपासताच ती वाचायला घेतली आहे. 'फाइल नसेल तर एफओपन नल (रिकामे मूल्य) परत करतो आणि पुढच्याच ओळीवर प्रोग्राम कोसळतो; तपासणी घाला, फाइल नसतानाची एक टेस्ट जोडा आणि पुन्हा पाठवा,' एवढे लिहिले असते तर पॅच तितक्याच ठामपणे नाकारला गेला असता, आणि बहुधा दोन दिवसांत दुरुस्त होऊन परत आला असता. सौजन्य म्हणजे कच्चा कोड मर्ज (प्रकल्पात समाविष्ट) करणे नव्हे, हे त्या सदस्यांना शांतपणे समजावून सांगावे लागेल, कारण त्यांची खरी भीती तीच असते असा माझा अनुभव आहे.

लिनक्स कर्नलचे (लिनक्स या संगणक कार्यप्रणालीच्या गाभ्याचे) उदाहरण त्यांना जरूर द्या. तेथील कठोर भाषेचे समर्थन वर्षानुवर्षे गुणवत्तेच्या नावाने होत असे. १६ सप्टेंबर २०१८ रोजी ४.१९ आवृत्तीच्या चौथ्या आरसीसोबत (चाचणी आवृत्तीसोबत) खुद्द कर्नलचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही काळ काम थांबवले. त्याच वेळी कर्नलने 'कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट' या अनेक प्रकल्प वापरत असलेल्या तयार मसुद्यावर आधारित आचारसंहिता स्वीकारली. ४.१९ आवृत्ती ऑक्टोबरमध्ये कर्नलचे दुसरे ज्येष्ठ मेन्टेनर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी प्रसिद्ध केली. इतक्या मोठ्या प्रकल्पाचे काम त्याच्या प्रमुखावाचून अडले नाही, तेव्हा 'ते रुसले तर काय होईल' ही तुमची चिंता मला अनाठायी वाटते.

कारवाई कोणत्या मापाची असावी, यासाठीही कर्नलचाच दाखला घेता येईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली साठवणाऱ्या भागाच्या) मुख्य लेखकाने सहकाऱ्याला उद्देशून अपमानास्पद भाषा वापरली, म्हणून ६.१३ आवृत्तीच्या काळात त्याच्या पुल रिक्वेस्ट न स्वीकारण्याचा निर्णय झाला. कर्नलची एक आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांत निघते, म्हणजे शिक्षेला मुदत होती. 'कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट'च्या दुसऱ्या आवृत्तीतही चूक दाखवून देणे, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी अशा चढत्या पायऱ्या आहेत. तुमचे प्रकरण मला पहिल्या पायरीचे वाटते: दोन मेन्टेनरांनी त्यांच्याशी खासगीत बोलावे आणि काय ठरले त्याची नोंद ठेवावी. पुन्हा तसेच घडले, तर ती नोंद पुढच्या पायरीचा आधार होईल. मात्र तक्रार ऐकणाऱ्यांत ते स्वतः किंवा त्यांचे वरिष्ठ नसावेत, नाहीतर पुढची तक्रार तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या मराठी सदस्यांसाठी. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतच अर्धे सौजन्य सांभाळले जाते. इंग्रजीत ती सोय नाही, त्यामुळे मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलेले छोटे वाक्य वाचणाऱ्याला हुकूम वाटू शकते, आणि समोरच्याचे तुटक वाक्य आपल्याला विनाकारण लागू शकते. म्हणून मी रिव्ह्यूमध्ये कारण लिहिल्याशिवाय कोणताही बदल मागत नाही.

शेरे सुधारले तरी माणसे बाहेर राहण्याच्या इतर वाटा उरतातच. तुमची साप्ताहिक बैठक सॅन फ्रान्सिस्कोच्या सकाळी दहाला असते, म्हणजे पुण्यात अमेरिकेच्या उन्हाळी वेळेत रात्रीचे साडेदहा आणि हिवाळी वेळेत साडेअकरा. लहान मूल असलेल्या किंवा सकाळची पाळी असलेल्या माणसाने तेथे हजर कसे राहायचे? अपाची या मुक्तस्रोत संस्थेच्या प्रकल्पांत मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवतात, ते जगभरच्या सदस्यांना मत देता यावे म्हणूनच. तुम्हीही बैठकीत फक्त चर्चा करा आणि निर्णय लेखी मांडून तीन दिवस खुला ठेवा.

त्या मुलीला आजच लिहा. घडले ते चुकीचे होते हे स्पष्ट शब्दांत मान्य करा, पण परत येण्याचा आग्रह धरू नका. तो शेरा पुसून टाकण्याऐवजी झाकून ठेवा, म्हणजे नोंद राहील. तिने पुल रिक्वेस्ट पुन्हा उघडली, तर रिव्ह्यू दुसऱ्या मेन्टेनरने करावा आणि एफओपनची ती चूक पहिल्याच वाक्यात सांगावी.